भोपाळचा कचरा गेला, मग जमीन साफ कशी झाली?

भोपाळवासी:
काल इथे एकाने लिहिलं, "युनियन कार्बाइडचा कचरा हलला, आता ती जमीन पडून कशाला ठेवता? घरं बांधा." अहो, 1984 च्या वायुगळतीच्या त्या कारखान्यातून जानेवारी 2025 मध्ये इंदूरजवळच्या पिथमपूरला जाळायला नेले ते 337 टन गोदामात भरून ठेवलेले होते. जमिनीत मुरलेलं तिथेच आहे. नीरी आणि एनजीआरआय या सरकारी संशोधन संस्थांनी 2010 साली दूषित मातीचा अंदाज 11 लाख टन दिला होता! आसपासच्या वस्त्यांना नळाचं पाणी द्या, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं.

सिव्हिलवाला:
ते मीच लिहिलं. चाळीस वर्षं कुंपण घालून काय मिळवलंत? दर पावसाळ्यात विष खालीच झिरपतंय. सफाईला पैसा लागतो, तो बांधकामातूनच येणार. लंडनचं ऑलिंपिक पार्क कारखान्यांच्याच जमिनीवर झालं, माती धुऊन.

गिरणगावची:
बांधकामातून पैसा? 1991 च्या नियमात मुंबईतल्या बंद गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश घरांसाठी म्हाडाला, एक तृतीयांश मोकळ्या जागेला होता. 2001 मध्ये ते फक्त बांधकाम नसलेल्या भागापुरतं केलं, 2006 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवलं. टॉवर उभे राहिले. माझे वडील घराचा अर्ज भरून वाट बघत गेले.

सिव्हिलवाला:
वाईट वाटलं, पण विषय भोपाळचा आहे. गिरण्यांत कुठे विष होतं?

गिरणगावची:
रंगखातं काय अत्तराचं होतं? टॉवर बांधण्याआधी माती तपासली का, हे आम्हाला कुणी सांगितलं नाही. आणि संबंध कसा नाही? जमीन मोकळी झाली की आधी बिल्डर येतो, माणसं मागून!

ठाण्याचा_राजू:
ताई बरोबर बोलतात. आमच्या भाऊजींनी जुन्या रंगाच्या कारखान्याच्या जागी फ्लॅट घेतला. पाया खणताना निळसर पाणी लागलं. बिल्डरने वर भराव टाकला, झालं. आता बोअरचं पाणी झाडांनाही घालत नाहीत.

सिव्हिलवाला:
एका भाऊजींवरून धोरण ठरवायचं? बरं, नुसता भराव म्हणजे सफाई नव्हे, हे मान्य. पण जुलै 2025 मध्ये दूषित जागांचे नियम आलेत. ज्याने घाण केली त्याने खर्च द्यायचा.

भोपाळवासी:
कुणाकडून घेणार? डाऊ या अमेरिकन रसायन कंपनीने 2001 मध्ये कार्बाइड विकत घेतली, जबाबदारी अजून झटकते. कुंपण हा उपाय नाही, एवढं तुमचं घेतो. पण मातीचा अहवाल बांधणाऱ्याच्या पैशातून नको, आणि उपसलेली माती कुठे न्यायची ते तिथल्या लोकांना आधी विचारा. पिथमपूरकर रस्त्यावर उगाच उतरले नव्हते.