मदत हवी आहे: होडीचे जुने आउटबोर्ड इंजिन पूर्ण वेगात दम तोडते, प्रायमर बल्ब दाबला की सावरते

माझ्याकडे 25 अश्वशक्तीचे, दोन सिलिंडर आणि एकच कार्ब्युरेटर असलेले होडीच्या मागे बाहेरून लावायचे जुने टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन आहे. पेट्रोल सुट्या प्लास्टिकच्या टाकीतून नळीने येते, नळीच्या मध्ये हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा रबरी प्रायमर बल्ब आहे, आणि पेट्रोलमध्ये 50:1 या प्रमाणात, म्हणजे 10 लिटरला 200 मिलिलिटर, तेल मिसळलेले असते. इंजिन थंड असताना दुसऱ्यातिसऱ्या ओढीला सुरू होते आणि मंद गतीत बरे चालते. मात्र पूर्ण वेग दिल्यावर सात-आठ मिनिटांत आवाज पातळ होतो, वेग उतरतो आणि तेवढ्यात कोणी बल्ब दाबला नाही तर ते बंद पडते. बल्ब चार-पाच वेळा दाबला की लगेच सावरते, त्यामुळे दोष ठिणगीचा नसून इंधनपुरवठ्याचा आहे असे मी धरून चाललो आहे.

आतापर्यंत केलेले उपाय असे. टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू पूर्ण उघडा ठेवून पाहिला, काही वेळा झाकणच सैल केले, पण फरक पडला नाही. फिल्टर, बल्ब, बल्बपासून इंजिनापर्यंतची नळी आणि दोन्ही टोकांचे कनेक्टर नवे बसवले. जुनी नळी उभी चिरली तेव्हा तिचे आतले अस्तर सुटून सुरकुतलेले दिसले आणि चोर सापडला असे वाटून मी निर्धास्त झालो. पहिल्याच फेरीत तो भ्रम फिटला. नव्या बल्बवरचा बाण इंजिनाकडे आहे, आणि आतल्या एकमार्गी झडपा नीट बसाव्यात म्हणून दाबताना मी बाणाचे टोक वर करून बल्ब उभा धरतो. तो कडक होतो आणि कुठेही थेंब गळत नाही. इंजिन दम तोडत असताना बल्ब चपटा झालेला नसतो, त्यामुळे टाकीच्या बाजूला तुंबलेले काही नसावे.

त्यानंतर बल्ब आणि इंजिन यांच्यामध्ये तात्पुरता वीतभर पारदर्शक नळीचा तुकडा घातला. (पेट्रोलने अशी नळी लवकर ताठरते, म्हणून पाहणी झाल्यावर काढून टाकली.) सुरुवातीला त्यातून इंधन अखंड जात होते, काही मिनिटांनी मोहरीएवढे बुडबुडे दिसू लागले, मग ते एकमेकांना जुळून बोटाच्या पेराएवढे झाले आणि त्याच वेळी वेग उतरला. हवा आत येते आहे हे उघड आहे, पण गळती नसलेल्या ठिकाणाहून ती येते कशी, हे मला उमजत नाही.

आणखी एक तक्रार आहे, ती याच्याशी संबंधित आहे की नाही ते ठाऊक नाही. खालच्या सिलिंडरचा स्पार्क प्लग नेहमी काळा आणि ओला निघतो, वरचा मात्र तपकिरी आणि कोरडा असतो. थंड सुरुवातीसाठी या इंजिनाला चोकऐवजी हाताने ओढायचा, जादा पेट्रोल आत सोडणारा वेगळा प्रायमर आहे. त्याच्या दट्ट्याची ओ-रिंग झिजून इंधन आत झिरपत असेल का? इंधन पंप उघडण्यापूर्वी आणखी काय तपासावे? टू-स्ट्रोकमध्ये तेलही पेट्रोलबरोबरच येत असल्याने उपासमारीत पूर्ण वेगाने चालवत राहिलो तर पिस्टन ओरखडतील, या भीतीने सध्या इंजिन बंदच ठेवले आहे.

प्रतिसाद

आपली पाहणी चांगली आहे, पण गळतीची परीक्षा अर्धीच झाली आहे. बल्ब दाबल्यावर दाब फक्त बल्बपासून कार्ब्युरेटरपर्यंतच्या भागात येतो. टाकी ते बल्ब हा भाग बल्ब दाबताना असो वा इंजिन चालताना, नेहमी ओढीखालीच असतो; तिथल्या फटीतून थेंब बाहेर येत नाही, हवा मात्र आत येते. पारदर्शक तुकडा आता बल्बच्या अलीकडे, टाकीच्या बाजूला लावून पाहा. तिथेही बुडबुडे असतील तर बल्बच्या पुढचे सगळे निर्दोष समजा.

एक विचारायचे राहिले: टाकी काठोकाठ भरलेली असताना इंजिन जास्त वेळ टिकते का? तसे असेल तर टाकीत उतरणारी शोषण-नळी बाहेर काढून पाहा. प्लास्टिकच्या नळीला वरच्या टोकाजवळ केसाएवढी चीर पडते. टाकी भरलेली असेपर्यंत ती पेट्रोलखाली बुडालेली राहते आणि पातळी खाली गेली की तिच्यातून हवा ओढली जाते. नळीचे एक टोक बंद करून ती पाण्याखाली धरा आणि दुसऱ्या टोकाने हवा भरा. तोंडाने फुंकू नका, काढून ठेवलेला जुना बल्ब त्याच कामाला येईल.

ओल्या प्लगविषयी माझा संशय प्रायमरपेक्षा पंपावर जास्त आहे. हा पंप क्रँककेसमधल्या (पिस्टनखालच्या बंद पोकळीतल्या) दाबाच्या चढउतारावर चालतो; तो दाब एका वाटेने पंपाच्या डायाफ्रामपर्यंत, म्हणजे आतल्या लवचीक पडद्यापर्यंत पोचतो. त्याला भोक पडले की पेट्रोल त्याच वाटेने थेट क्रँककेसमध्ये शिरते, आणि ज्या सिलिंडरला पंप जोडलेला असतो तेवढाच ओला राहतो. प्रायमरची नळी काढून दोन्ही टोके घट्ट बंद करा आणि अर्धा तास मंद गतीत चालवा. प्लग कोरडा झाला तर दोष प्रायमरचा, नाही झाला तर पंप उघडा.

मूळ प्रश्नकर्त्याची भर

टाकीचा प्रश्न वाचून मी चपापलो. भरलेल्या टाकीवर इंजिन खरोखरच जास्त वेळ टिकत असे, आणि टाकी अर्धी झाल्यावर बल्ब कडक व्हायला चार-पाचऐवजी पंधरा-वीस वेळा दाबावा लागत असे. पण इंधन कमी असताना हे व्हायचेच, असे मी गृहीत धरले होते. शोषण-नळी पाण्याखाली धरली तेव्हा वरच्या जोडापासून दोन बोटे खाली बारीक बुडबुड्यांची माळ निघाली. चीर नुसत्या डोळ्यांना दिसत नव्हती. नळी वाकवल्यावर ती नखाएवढी उघडली. नवी नळी बसवून, इंजिन सुस्थितीत तापल्यावर टाकी एक तृतीयांश असताना वीस मिनिटे पूर्ण वेगाने चालवले. बल्बला हात लावावा लागला नाही.

प्रायमर बंद करूनही खालचा प्लग ओलाच राहिला. पंप उघडला असता डायाफ्रामच्या मध्याजवळ टाचणीच्या टोकाएवढे भोक आढळले, आणि उजेडासमोर धरल्यावर शेजारी आणखी दोन जागा विरलेल्या दिसल्या. नवा संच मागवला आहे. पंप सुटा करताना डायाफ्राम आणि गॅस्केट एकमेकांना चिकटून निघाल्याने त्यांचा मूळ क्रम माझ्या ध्यानात राहिला नाही. गॅस्केट डायाफ्रामच्या कोणत्या बाजूला येते, आणि जोडताना सीलंट लावावे की कोरडेच बसवावे, हे ज्यांनी असा पंप स्वतः जोडला आहे त्यांनी कृपया सांगावे.