मदत हवी आहे: घनता १.०२६ वर अडकली आहे, रविवारी बाटल्या भरायच्या आहेत

कणीदार:
नमस्कार. घरी बनवलेल्या माझ्या वीस लिटर एल बिअरची सुरुवातीची घनता १.०५२ होती आणि यीस्ट साखर खाईल तशी ती १.०१२ पर्यंत उतरेल असा माझा हिशोब होता. आज तेरावा दिवस आहे आणि गेले पाच दिवस ती १.०२६ वरून तसूभरही हललेली नाही. या खेपेस साहित्यात मी कसलीही कसूर ठेवली नव्हती. एकाच शेतातल्या टू-रो जातीच्या बार्लीचे माल्ट (मोड आणून वाळवलेले धान्य) मिळावे म्हणून मी चार महिने थांबलो आणि कडूपणासाठीचे साझ हॉप्सही अख्ख्या फुलांच्या स्वरूपात मागवले. यीस्टचे दुसरे पाकीट घालावे की नाही, एवढेच सांगावे. बाकीची प्रक्रिया मला नवी नाही.

बुडबुडा:
एवढ्या माहितीवर कोणी काय सांगणार? माल्ट किती अंशांवर आणि किती वेळ भिजवले होते? साठ ते पासष्ट अंशांच्या आसपास बीटा अमायलेज हे एन्झाइम जोमात असते आणि यीस्टला पचणारी माल्टोज साखर भरपूर तयार होते. सत्तरीकडे गेल्यास अल्फा अमायलेजचा वरचष्मा होतो आणि मागे राहणारी डेक्स्ट्रिन्स, म्हणजे स्टार्चचे मोठे तुकडे, सामान्य एल यीस्टला पचत नाहीत. तसे झाले असेल, तर दुसरेच काय, दहावे पाकीटही व्यर्थ जाईल.

हॉपवेडा:
साझमध्ये कडूपणा देणारी अल्फा आम्ले मुळातच कमी, साधारण तीन ते चार टक्के, आणि उघड्या हवेत तीही झपाट्याने घटतात. फुले आपण कशी साठवली होती?

कणीदार:
सहासष्ट अंश, एक तास. कोरडे एल यीस्ट, खोली वीस अंशांवर. हॉप्सविषयी मी काहीही विचारलेले नाही.

जुने पिंप:
ग्लुकोअमायलेज घाला आणि मोकळे व्हा. ते डेक्स्ट्रिन्सही तोडते. मी प्रत्येक खेपेस घालतो आणि माझी बिअर कधीही अडकत नाही.

बुडबुडा:
आपली बिअर अडकत नाही, कारण तिच्यात अडकण्यासारखे काही उरतच नाही. ज्या माल्टसाठी या गृहस्थांनी चार महिने वाट पाहिली, त्याचा भरदारपणा हे एन्झाइम धुऊन नेईल.

जुने पिंप:
भरदारपणा आणि चिकट गोडवा यांतला फरक आपण आधी समजून घ्यावा.

मापाडी:
हा वाद जरा थांबवून एक विचारतो. १.०२६ हा आकडा कोणत्या उपकरणाने मोजला?

कणीदार:
रिफ्रॅक्टोमीटरने. द्रवात तरंगवून घनता मोजायचा हायड्रोमीटर मागील खेपेस फुटला. उपकरण चोख आहे, शुद्ध पाण्यावर शून्य दाखवते.

मापाडी:
दोष उपकरणाचा नाही. रिफ्रॅक्टोमीटर प्रकाश किती वळतो ते पाहतो आणि त्यावरून साखर किती आहे हे सांगतो. परंतु अल्कोहोलही पाण्यापेक्षा प्रकाश अधिक वळवत असल्यामुळे, किण्वन सुरू झाल्यानंतर तो आकडा थेट वाचता येत नाही, सुरुवातीचा आकडा धरून दुरुस्त करावा लागतो. आपली सुरुवात सुमारे १२.९ ब्रिक्स (साखरेचे टक्के) होती आणि आता ६.५ दिसत असणार. दुरुस्तीनंतर हे १.०१२ च्या आसपास येते. आपली बिअर बहुधा अडकलेलीच नाही. कोणाकडून तरी हायड्रोमीटर आणून खात्री करावी आणि तोपर्यंत तिच्यात काहीही घालू नये.

कणीदार:
शेजाऱ्यांकडून हायड्रोमीटर आणला. १.०११ दाखवतो आहे. मात्र जुने पिंप यांच्या सांगण्यावरून काल रात्रीच मी ग्लुकोअमायलेज घातले आहे. रविवारी बाटल्या भरता येतील ना?

मापाडी:
नाही. आता घनता खरोखरच उतरू लागेल आणि कदाचित १.००० च्याही खाली जाईल. हायड्रोमीटरवर सलग चार-पाच दिवस एकच आकडा येईपर्यंत बाटल्यांना हात लावू नये. बंद बाटलीत हेच किण्वन चालू राहिले, तर काच फुटते.

जुने पिंप:
मी असे धरून चाललो होतो की मोजमाप हायड्रोमीटरनेच झाले असेल.

हॉपवेडा:
ही बिअर आता बरीच कोरडी होणार, त्यामुळे कडूपणा उठून दिसेल. म्हणून पुन्हा विचारतो, फुले कशी साठवली होती?

कणीदार:
स्वयंपाकघरातल्या फळीवर, कागदी पिशवीत.