हिरव्या जमिनीसाठी कोर्टाची पायरी चढलात? अनुभव लिहा

आमच्या गावालगतच्या टेकडीचं आरक्षण बदलायची नोटीस निघाली आहे. हरकतींना ३० दिवस, त्यातले ११ गेले. टेकडी, वनराई, शेतजमीन अशा जागेवरच्या बांधकामाला ज्यांनी आव्हान दिलं, त्यांनी काय केलं आणि काय राहून गेलं ते लिहा. हरलेल्यांनी तर नक्की लिहा.

टेकडीवाला, पुणे
हरकत लेखी द्या आणि प्रत्येक प्रतीवर आवक शिक्का घ्या. बीडीपीच्या (टेकड्यांवरच्या जैवविविधता उद्यानाच्या आरक्षणाच्या) वेळी मी शेजाऱ्यांचे अर्ज गठ्ठ्याने दिले, पोच मात्र एकाचीच घेतली. सुनावणीच्या यादीत बाकीच्यांची नावंच नव्हती. २३ गावांतल्या टेकड्यांचं ते आरक्षण २०१५ मध्ये शासनाने कायम केलं, पण धास्ती अजून जात नाही.

गोरेगावकर
आरेचं सांगते, मुंबईतल्या मेट्रो कारशेडसाठीच्या झाडतोडीचं. ४ ऑक्टोबर २०१९, शुक्रवार. उच्च न्यायालयाने याचिका फेटाळल्या आणि त्याच रात्री करवती सुरू झाल्या. आम्ही अंधारात नुसता आवाज ऐकत उभे होतो. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी सरन्यायाधीशांना पत्र लिहिलं, सोमवारी स्थगिती आली. तोवर २,१४१ झाडं गेली होती. म्हणून निकालाच्या दिवशीच पुढच्या कोर्टाचे कागद तयार हवेत.

बार्देशची
आमच्या वाड्यामागची बागायत गोव्याच्या नगरनियोजन कायद्याच्या १७(२) कलमाखाली 'सेटलमेंट', म्हणजे बांधकामाची जमीन झाली. कारण काय, तर प्रादेशिक आराखड्यातली चूक सुधारली! मला कळलं ते जेसीबी आल्यावर. मार्च २०२५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या कलमाचे नियम रद्द केले. आता दर गुरुवारी राजपत्र वाचते. एक-चौदाचा उताराही (आमच्याकडचा सातबारा) काढून ठेवलाय.

हर्टफर्डशायरहून
इथे लंडनभोवतीच्या ग्रीन बेल्टमध्ये (बांधकामाला आळा घातलेल्या हिरव्या पट्ट्यात) बांधकामाची परवानगी नाकारली तर बिल्डरला अपील आहे. दिली, तर शेजाऱ्याला नाही. न्यायालयीन पुनर्विलोकनच मागावं लागतं, तेही ६ आठवड्यांत. आम्हाला वकील मिळाला पाचव्या आठवड्यात. घरं हवीत की नकोत यात न्यायाधीश पडत नाहीत, कौन्सिलने कायदा नीट लावला का एवढंच पाहतात. परवानगी रद्द झाली, पण अहवाल सुधारून पुन्हा दिली गेली. पर्यावरणाच्या दाव्यात हरलेल्या व्यक्तीवर समोरच्याचा खर्च सहसा ५,००० पौंडांपर्यंतच येतो, त्या आधारावर उभे राहिलो.

धागाकर्ता
उद्या सकाळी दोन-दोन प्रती घेऊन जातोय. टेकडीवरची झाडं आणि झरे आत्ताच नोंदवून, फोटो काढून ठेवावेत असं वाटतं. कुणी असं केलंय का? कोर्टात ते कसं मांडलंत?