मदत हवी आहे : ब्रिजमध्ये तीनची प्रीएम्प्ट (समोरच्यांना अडवण्यासाठी हलक्या पानांवर घेतलेली उंच) बोली नेमकी केव्हा द्यावी?

इस्पिकवाला : डेक्कन परिसरातील एका क्लबात आम्ही दर आठवड्याला डुप्लिकेट ब्रिज (सर्व टेबलांवर तीच पाने वाटून) खेळतो. गेल्या खेपेस माझ्याकडे इस्पिकची सात पाने आली : राजा, राणी, दश्शी, नव्वी आणि तीन किरकोळ. बदामाची दोन, गुलामासह चौकटची तीन आणि किलवरचे एकच पान होते. मी 'तीन इस्पिक' (इस्पिक हुकूम धरून सहा अधिक तीन, म्हणजे नऊ हात करण्याची) अशी बोली दिली, तिला समोरच्यांचा डबल (दंड वाढवणारी बोली) मिळाला आणि आम्ही तीन डाऊन गेलो, म्हणजे तीन हात कमी पडलो. सहा पॉइंटांवर (राजाचे तीन, राणीचे दोन, गुलामाचा एक) तीनपर्यंत उडी मारणे हा निव्वळ जुगार आहे, असे भिडू कोथरूडला पोहोचेपर्यंत मला ऐकवत होता. रविवारी त्याच्याबरोबरच पुन्हा बसायचे आहे, तेव्हा मला एक स्पष्ट नियम हवा आहे. 'सात पाने असली की तीन' हे उत्तर ठाऊक आहे, ते कृपया देऊ नये.

किलवर_काका : आपण पाने तपशीलवार दिलीत, परंतु व्हल्नरेबल (त्या डावापुरते बक्षीस आणि दंड दोन्ही वाढलेले) कोण होते, बोलण्याची पाळी कितवी होती आणि गुण मॅचपॉइंटचे (किती टेबलांना मागे टाकले यावर) होते की आयएमपीचे (गुणांचा फरक किती यावर), यांपैकी काहीच सांगितलेले नाही. त्याशिवाय उत्तर देता येणार नाही.

शिस्तप्रिय : उत्तर देता येते. ब्रिजतज्ज्ञ एली कल्बर्टसन यांच्या काळापासून दोन आणि तीनचा नियम चालत आला आहे. आपल्या पानांवर किती हात होतील ते मोजावे. व्हल्नरेबल असल्यास त्याहून दोन आणि नसल्यास तीन हात अधिक बोलावेत, कारण दोन्ही वेळा डबल मिळून होणारे नुकसान पाचशेच राहते. या पानांवर इस्पिकचे पाच-सहा हात होतील, बाहेर एकही नाही. आपण व्हल्नरेबल असाल, तर तीन डाऊनचे आठशे गेले आणि भिडूचे म्हणणे शंभर टक्के बरोबर आहे.

इस्पिकवाला : व्हल्नरेबल ते होते, आम्ही नव्हतो. गुण मॅचपॉइंटचे. परंतु पाने तीच असताना यावर एवढा खल कशासाठी, हे मला समजलेले नाही.

किलवर_काका : खल यासाठी, की प्रीएम्प्ट ही बोली आपल्या पानांपेक्षा समोरच्यांच्या पानांवर दिलेली असते. ते व्हल्नरेबल असताना त्यांचा चार बदामांचा डाव बसला, म्हणजे बोललेले हात झाले, तर त्यांना ६२० मिळतात. आपण डबलमध्ये तीन डाऊन गेलात तरी ५००च देता. हीच स्थिती उलटी केली, तर आपण ८०० देता आणि त्यांचा गेम मात्र ४२०चा असतो. पाने तीच राहतात आणि बोली शहाणपणाची की अविचाराची, ते दुसऱ्याच रकान्यात, म्हणजे व्हल्नरेबल कोण यावर, ठरते. आता पाळी कितवी होती, तेही सांगून टाका.

मोकळी_बोली : व्हल्नरेबल नसताना आणि ते असताना मी या पानांवर डोळे मिटून तीन बोलेन. फ्रान्सच्या जाँ-रेने व्हेर्न यांनी १९६०च्या दशकात एकूण हातांचा जो सिद्धांत मांडला, त्यातून निघणारा व्यवहारी नियम असा, की दोघांकडे मिळून हुकमाची जितकी पाने, तितक्या हातांपर्यंत बोलावे. आपली सात आणि भिडूकडे सरासरीने दोन, म्हणजे नऊ, म्हणजे तीनची बोली.

शिस्तप्रिय : सरासरीवर पानशेतचे पाणी मोजावे, हुकूम मोजू नये. भिडूकडे एकच इस्पिक निघाले की तो हिशेब कोलमडतो. शिवाय व्हल्नरेबल नसताना डबलमध्ये कमी पडलेल्या चौथ्या हाताची किंमत १९८७ साली वाढवण्यात आली; चार डाऊनचे पूर्वी सातशे होत, ते आता आठशे होतात. ही मोकळीक तेव्हापासून महाग झाली आहे.

बदाम_सात : मी औंधला राहतो आणि नव्यानेच शिकतो आहे. समोरच्याने तीन इस्पिक म्हटले आणि आपली पाने चांगली असली, तर डबल द्यावा, असे मला शिकवले आहे. तो शिक्षेचा नसून भिडूला आपला रंग सांगायला लावणारा असतो. भिडूकडे मात्र त्यांच्याच हुकमाची भक्कम पाने असतील, तर त्याने पास करून तो शिक्षेचा करावा. याचा उपयोग झाल्यास आनंद आहे.

शिस्तप्रिय : प्रीएम्प्टच्या विरुद्ध काय करावे, असे कोणी विचारलेले नाही.

इस्पिकवाला : पाळी तिसरी होती. भिडू पास, उजवीकडचा पास, मग मी. आणि हेही सांगतो, की त्यांचा चार बदामांचा डाव मुळात बसतच नव्हता. इतर बहुतेक टेबलांवर ते तीन बदाम खेळून १४० घेऊन उठले. ५०० देऊन आम्ही अर्थातच तळाला गेलो. आता भिडूचे बरोबर की माझे?

मोकळी_बोली : तिसरी पाळी! मग प्रश्नच उरत नाही. भिडूने पास केलेला असल्याने त्याच्या चांगल्या पानांची वाट आपण अडवत नाही. अडते ती फक्त डावीकडच्याची. तिथे मी इस्पिकच्या सहा पानांवरही तीन बोललो असतो.

शिस्तप्रिय : आणि भिडू मिळेनासा झाला असता. तरीही दुसऱ्या पाळीचा विचार करता ही बोली मी तिथेही मान्य केली असती, कारण वरच्या तीन चित्रांपैकी दोन हुकमातच आहेत आणि बाहेर बदामाची चार पाने नाहीत. व्हल्नरेबल असतो, तर मात्र दोन इस्पिकवर थांबलो असतो.

किलवर_काका : मग भांडण कशावर आहे? एका डावाच्या निकालावरून बोली तोलू नये. चार बदाम बसला असता, तर याच ५००ला पुष्कळ मॅचपॉइंट मिळाले असते. बदाम_सात यांनी न विचारलेले सांगितले खरे, पण मुद्दा त्यातच आहे. इस्पिकवाला, डबल कोणी दिला होता?

इस्पिकवाला : डावीकडच्याने. उजवीकडच्याने पास केला. त्याच्याकडे एक्का आणि गुलामासह इस्पिकची चार पाने होती. भिडूकडे एकच होते.

किलवर_काका : म्हणजे पास करून बसलेल्या माणसाकडे नेमकी ती चार पाने निघाली. ते बोलताना कळण्याची सोय नाही. उजवीकडच्याकडे इस्पिकची दोनच असती, तर त्याला चारवर काहीतरी बोलावे लागले असते, आणि व्हल्नरेबल असताना तो डाव बसला नसता, तर गुण आपल्याला मिळाले असते. रविवारपूर्वी भिडूबरोबर एवढेच ठरवा, की तिसऱ्या पाळीत अशा स्थितीत किती हलक्या पानांवर तीन बोलायचे, आणि त्यानंतर पुन्हा बोलण्याचा हक्क प्रीएम्प्ट देणाऱ्याला नसून त्याच्या भिडूला आहे.

इस्पिकवाला : आभारी आहे. भिडूला हा धागा वाचायला दिला आहे. चौथ्या पाळीतही हेच लागू होते का, असे तो विचारतो.

शिस्तप्रिय : नाही. तिथे पास केला की डाव संपतो, त्यामुळे अडवण्यासारखे कोणी उरतच नाही. त्या पाळीत तीन इस्पिक म्हणजे नऊ हात करण्याची खरी अपेक्षा, आणि ही पाने तेवढी चांगली नाहीत.