एंजल माशांच्या टाकीत झुंडीनं फिरणारे शांत मासे कोणते सोडू?

नमस्कार मंडळी, मी कोल्हापुरात राजारामपुरीत राहतो. टाकी चार फूट लांब, दीड फूट रुंद, दीड फूट उंच. काठोकाठ भरली तर अडीचशे लिटर. त्यात चार एंजल आहेत, अजून पोरवयातले, रुपयाच्या नाण्याएवढे. हीटर 27 अंशांवर.

आता मधल्या थरात एक झुंड हवी आहे. दुकानदार टायगर बार्ब घ्या म्हणतो, पण ते एंजलच्या लांब पंखांचे लचके तोडतात, त्यामुळं ते बाद. सर्पे टेट्राचीही तीच खोड. निऑन टेट्रा दिसायला लय भारी, पण एंजल मोठे झाले की त्यांचा नाष्टा व्हायचा. मग उरतो रमीनोज, म्हणजे लाल नाकाचा टेट्रा. अंगानं थोडा लांब, 27 अंश मानवतात, आणि पाणी बिघडलं की नाकाची लाली उतरते म्हणजे आपल्यालाही कळतं. पण नव्या टाकीत तो टिकत नाही म्हणे. माझी टाकी तशी नवीनच आहे, तर किती थांबू? दहा-बारा एकदम सोडू की टप्प्याटप्प्यानं? काँगो टेट्रा कुणी एंजलबरोबर ठेवलेत काय? तळाला फिरणारे कोरीडोरास मासे चालतील ना?

आणि कोल्हापूर-सांगलीकडं चांगले रमीनोज कुठं मिळतात तेवढं सांगा राव.