चारही मुलं घरीच शिकवतो, वर्ष संपलं. चूक की बरोबर?

केळीवाली_ताई (यावल तालुका)

आमची मुलं दोन वर्षांपासून शाळेत जात नाहीत. मोठी तेरा वर्षांची, मुलगा अकरा, तिसरी आठ. धाकटीला ऑगस्टमध्ये सहा पूर्ण होतील, तिने तर शाळा आतून पाहिलेलीच नाही. नवऱ्याची केळीची बाग, मी बीएस्सी होऊन घरी. आधी तिघं तालुक्याच्या इंग्रजी शाळेत जायची. सकाळी साडेसहाला व्हॅन, परत येईपर्यंत दुपार उलटलेली. प्रकाशसंश्लेषणाची व्याख्या इंग्रजीत घडाघडा म्हणणाऱ्या माझ्या मुलाला केळीचं पान पिवळं का पडतं विचारलं, तर तो उत्तर वहीत शोधायला लागला. त्या वर्षी नाव काढलं.

यंदाचं कसं गेलं ते सांगते, मग खुशाल झोडपा.

गणित सगळ्यात छान झालं. मृगबागेची लागवड चालू होती, पाच बाय पाच फुटांवर. मोठीने एकराचे ४३,५६० चौरस फूट घेतले, २५ ने भागले, रोपं आली १७४२. बाप म्हणाला, "साडेसतराशे धर." ती ऐकेना, बांधाकडची ओळ धरायची की सोडायची यावर हिशेब बदलतो म्हणे. तेवढ्यात भाऊ मध्ये पडला. झाडाला एक ड्रिपर, तासाला ४ लिटरचा, तीन तास पाणी सोडलं तर किती? २०,९०४ लिटर. आठ वर्षांचीने विचारलं, आपल्या हजाराच्या टाकीने किती टाक्या? बोटं मोजून एकवीस म्हणाली. मग एकविसावी काठोकाठ भरत नाही हे तिच्या ध्यानात आलं आणि अपूर्णांक तिथेच सुरू झाला. एका खड्ड्यापाशी तीन इयत्ता झाल्या.

इतिहासाची मात्र बोंब. बालभारतीची पुस्तकं आहेत, पण मला स्वतःलाच तो विषय जड जातो आणि मुलांना हे लगेच कळतं. पाटणादेवीला नेलं, भास्कराचार्यांचं सगळं सांगितलं, यांना फक्त माकडं आठवतात. आणि केळी कापणीच्या दिवसांत वह्या उघडतच नाहीत, खोटं कशाला बोलू.

मोठीला १४ पूर्ण झाली की एनआयओएसच्या (राष्ट्रीय मुक्त विद्यालयाच्या) दहावीला बसता येईल, घाई नाही. सासूबाई म्हणतात पोरं रानभर होतील. तुमचं मत?

झेडपीचा_मास्तर (पारोळा)

झोडपा म्हणालात म्हणून झोडपतो. २००९ चा शिक्षण हक्क कायदा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. सहा ते चौदा वयाच्या मुलाला शाळेत घालणं हे त्यात पालकाचं कर्तव्य सांगितलंय. तुमच्यावर कोणी खटला भरणार नाही, पण आम्ही शाळाबाह्य मुलांचा सर्व्हे करतो त्यात तुमची तिघं वीटभट्टीवरच्या पोराच्या रकान्यात बसतात.

तुमचं गणित आवडलं, वर्गात वापरणार आहे. पण ताई, हे काही नवल नाही हो. पहिली ते पाचवीत साठपर्यंत पट असला की शाळेला दोनच शिक्षक मिळतात. म्हणजे एका खोलीत दोन-दोन, तीन-तीन इयत्ता. एकीला फळ्यावर लिहून द्यायचं, दुसरीला वाचायला लावायचं, तिसरीची मोठी पोरगी लहानाचा हात धरून गिरवून घेते. तुम्ही ओसरीवर चालवता ती एकशिक्षकी शाळाच आहे. फरक इतकाच की तुमच्या चौघांचं पोट भरलेलं असतं.

आणि खरं दुखणं वेगळं आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक हवेत, निम्म्या बायका हव्यात, हेही त्याच कायद्यात आहे. सह्या करायला सगळे येतात. पोरांना भागाकार का येत नाही असं विचारणारी एक आई येत नाही. जी विचारू शकते ती पोरं काढून घरी बसते. पट घसरला की संचमान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवतात त्यात, पद जातं, पद गेलं की उरलेलेही दाखले मागायला येतात.

केळीवाली_ताई

मास्तर, माझी पोरं तुमच्या पटावर होती कुठे? ती आधीच व्हॅनमध्ये बसून गेली होती. त्या व्हॅनमुळे गावातली शाळा रिकामी झाली, तेव्हा कुणाला कायदा आठवला नाही. शिक्षकांची स्वतःची मुलं कुठे शिकतात हे विचारत नाही, धागा भरकटेल.

झेडपीचा_मास्तर (पारोळा)

माझी मुलगी माझ्याच शाळेत तिसरीला आहे. बाकी टोमणा पोचला. तो निम्म्या स्टाफला पाठवतो.

गिरणाकाठ

कशाला एवढं घाबरवता ताईंना? बहिणाबाई चौधरी आपल्या असोद्याच्या. लिहिता-वाचता येत नव्हतं. आज जळगावच्या विद्यापीठाला त्यांचं नाव आहे. शेतात, चुलीपाशी, जात्यावर जे शिकल्या ते कोणत्या शाळेने शिकवलं असतं? आपल्याकडे पोरगं हुशार झालं की शेतातून पळतं, ही या शाळांची देणगी. ताई, तुम्ही चालू ठेवा.

अमळनेरकर

बहिणाबाईंचं नाव या वादात नेहमी निघतं आणि नेहमी अर्धंच निघतं. त्यांची गाणी कागदावर कुणी उतरवली? मुलगा सोपानदेव आणि नात्यातल्या एका मुलाने. १९५१ साली त्या गेल्या, त्यानंतर सोपानदेवांनी ती वही आचार्य अत्र्यांना दाखवली आणि १९५२ ला संग्रह निघाला. शाळेत न गेलेल्या आईचं काव्य शिकलेल्या पोरामुळे वाचलं. ज्यांच्या घरात लिहिणारं कुणी नव्हतं अशा किती जणी गेल्या असतील, त्यांच्या नावाचं विद्यापीठ कसं निघणार?

पाटणादेवीचंही तसंच. माकडांचं सोडा, पण पाटणचा जो तेराव्या शतकातला शिलालेख आहे त्यात काय कोरलंय? भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने आजोबांच्या ग्रंथांच्या अभ्यासासाठी मठ काढला, त्याला दान मिळालं. भास्कराचार्य आपल्या वडिलांकडेच शिकले हे मान्य, म्हणजे घरशाळाच! पण विद्या टिकवायची वेळ आली तेव्हा नातवाला घर पुरलं नाही, बाहेरची मुलं येतील अशी जागा उभी करावी लागली.

आणि आमच्या गावचं एक सांगतो. साने गुरुजी १९२४ ते १९३० इथल्या प्रताप हायस्कूलला शिक्षक होते, वसतिगृह सांभाळायचे. माणूस कोकणातल्या पालगडचा, पोरं खानदेशातल्या खेड्यापाड्यांची. ना जातीचा, ना नात्याचा. आईबापाखेरीज असं एखादं मोठं माणूस पोराच्या आयुष्यात यायला लागतं. ते ओसरीवर येत नाही. तुमच्या मुलाला इतिहासाचा कंटाळा का, तर आईला आहे म्हणून. शाळेत निदान सहा विषयांना सहा माणसं असतात, त्यातलं एखादं तरी वेडं निघतं.

केळीवाली_ताई

इतिहासाचा मार बरोबर बसला. पण सहा विषयांना सहा माणसं हे तुमच्या अमळनेरच्या हायस्कुलात. मास्तरांनी वर काय सांगितलं ते वाचा, दोन माणसं आणि पाच इयत्ता.

पिंप्राळ्याची (जळगाव)

सगळे कायदा आणि शिलालेख काढून बसलेत. मला वेगळंच दिसतंय. तीन इयत्ता एका खड्ड्यापाशी झाल्या हे वाचायला गोड आहे. पण ताई, तुमचा दिवस सांगा ना. पाचला उठून चहा, झाडलोट, भाकरी, मग चौघांचा अभ्यास, मग मजुरांचं जेवण, मग पुन्हा अभ्यास? घरशाळा म्हटलं की आईने शिकवायचं, आणि बापाने येता-जाता "साडेसतराशे धर" म्हणायचं. पगार नाही, सुट्टी नाही, आणि पोरगं दहावीला कमी पडलं तर बोल तुम्हालाच.

दुसरं, तेरा वर्षांची ती. लहानांना कोण शिकवतं तुम्ही पाण्याच्या मोटारीवर गेलात की? तीच ना? शाळेत असती तर निदान दहा ते पाच ती कुणाची ताई नसती, नुसती विद्यार्थिनी असती. मी चार भावंडांतली थोरली, मला विचारा. शाळेचा रस्ता हीच माझी मोकळीक होती. मैत्रीण कोण आहे तिची?

केळीवाली_ताई

हे मात्र विचार करायला लावणारं आहे. दिवस तुम्ही म्हणता तसाच आहे, फक्त पाचच्या जागी साडेचार. मोठी धाकटीला शिकवते, हो. पण शिकवताना तिचंच पक्कं होतं हे मी डोळ्यांनी बघितलंय, आणि भाकरीची पाळी मुलाचीही असते. जाड थापतो, आजीला चावत नाही, तरी थापतो. मैत्रिणी संध्याकाळी येतात. कमी येतात, त्या ट्यूशनला असतात.

व्हॅनच्या काळात मी मोकळी होते असं समजू नका. तेव्हा डबे होते आणि रात्री चौकोनी वह्यांचा होमवर्क होता. तोही मीच करून घ्यायचे, वर फी भरून.

पिंप्राळ्याची (जळगाव)

म्हणजे शाळा असली तरी तुम्हीच, नसली तरी तुम्हीच. मग तुमचं बीएड का नाही झालं? ज्या कामाचा पगार मिळू शकतो तेच घरी फुकट करताय.

गिरणाकाठ

सगळ्या गोष्टी पगारात मोजायच्या नसतात ताई.

पिंप्राळ्याची (जळगाव)

केळीचा भाव क्विंटलने मोजता ना दादा, मग आमचाच हिशेब का नको?

धडगावचा

मी सातपुड्यात आश्रमशाळेवर आहे. तुमचा हा वाद वाचून गंमत वाटली, थोडा रागही आला. आमच्याकडे पोर घरी राहिलं म्हणजे ओसरीवर शिकत नाही. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला किंवा गुजरातेत कामाला जातं आणि पोर त्यांच्यासोबत. मोठी पोरगी लहान भावाला कडेवर घेऊन फडात. घरी शिकवायचं की शाळेत, हा प्रश्न पडायला आधी घर बारा महिने एका जागी असावं लागतं. शाळा नको म्हणण्याची चैन बीएस्सी आईला परवडते.

पण शाळेवाल्यांनीही फार छाती फुगवू नये. पावरी ही आदिवासी बोली बोलणारं सहा वर्षांचं पोर पहिल्या दिवशी प्रमाण मराठीचं पुस्तक उघडतं तेव्हा त्याला ती इंग्रजी शाळाच असते. गुरुजी काय म्हणतात ते कळत नाही, म्हणून गप्प बसतं, आणि गप्प बसतं म्हणून त्याच्या नावापुढे अप्रगत लिहिलं जातं. नर्मदाकाठच्या धरणात बुडणाऱ्या गावांत नर्मदा बचाव आंदोलनाने नव्वदच्या दशकात जीवनशाळा काढल्या, "लढाई पढाई साथ साथ" म्हणत. शिकवणारे बरेचसे त्याच भागातले, बोली तीच, आणि तरी ती घरशाळा नव्हती. पाड्यावरचं कोणाचंही पोर तिथे बसायचं. ताई, तुमच्या ओसरीवर शेतमजुराची पोरं बसतात का? बसत असतील तर मी माझा राग मागे घेतो.

केळीवाली_ताई

दोघं येतात, लागवडीच्या दिवसांत, आई-बाप बागेत असतात तेव्हा. नेहमी नाही.

धडगावचा

मग अर्धा मागे घेतला.

एनआयओएस_पास (धुळे)

ताई, तुमनं गणित भारी शे. मी सातवीनंतर शाळा सोडून घरीच शिकलो, एनआयओएसमधून दहावी, मग आयटीआय. परीक्षा वर्षातून दोनदा असते, एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर, विषय तुकड्या-तुकड्यांनी काढता येतात. अभ्यासाची चिंता करू नका. कागदांची करा.

जातवैधतेचं काय करणार? ओबीसीत असाल तर १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो, तो आजोबांच्या शाळेच्या उताऱ्यातून मिळेल. पण अर्जदाराचा स्वतःचा प्राथमिक शाळेचा दाखलाही मागतात. मोठ्या तिघांची नावं कुठल्या ना कुठल्या शाळेच्या जनरल रजिस्टरला चढलेली आहेत, त्यांचं निभेल. धाकटीचं नाव कुठेच नाही. नवोदयच्या सहावीलाही पाचवीत मान्यताप्राप्त शाळेत असावं लागतं, त्याच जिल्ह्यात. आपल्या राज्यात शाळा म्हणजे शिक्षण नंतर, आधी दाखला. धाकटीचं नाव पहिलीत घालून ठेवा, मग घरी शिकवा ना भो, कोण बघतंय?

झेडपीचा_मास्तर (पारोळा)

मी बघतोय. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली ती याच धंद्यासाठी. पटावर नाव, बाकावर कोणी नाही, आणि त्या नावावर तांदूळ, गणवेश, अनुदान. तेव्हा बदनामी सगळ्या मास्तरांची झाली, करणारे वेगळेच होते. आज हजेरी ऑनलाइन, आधार जोडलेलं. माझ्या हजेरीत जी नाही तिला मी हजर लिहिणार नाही, आणि तुमच्या गावच्या गुरुजींनाही तसं करायला लावू नका.

घालायचीच असेल तर नीट घाला. ३१ डिसेंबरपर्यंत सहा पूर्ण होतात, म्हणजे पहिलीत बसते. जन्मदाखला आणि आधार घेऊन जा, आणि रोज पाठवा.

एनआयओएस_पास (धुळे)

मास्तर, तुम्ही कागदावर चिडता की माझ्यावर? दाखल्याशिवाय पोराला दारात उभं न करणारी व्यवस्था आम्ही नाही केली.

केळीवाली_ताई

नाव घालून घरी ठेवणार नाही. ते माझ्याच्याने होणार नाही आणि धाकटीला खोटं बोलायला मी शिकवलेलं नाही. पण जातीच्या दाखल्याचं खरंच डोक्यात नव्हतं, आज नवऱ्याला वाचून दाखवलं. तो म्हणतो, मग चौघांना घाला. मुलगा म्हणतो, तसं असेल तर शाळेच्या दिवशी मी केळी कापणीला येणार नाही, आधीच सांगतो. मोठी काहीच बोलत नाही. सासूबाई खूश आहेत. एक धाकटी शाळेत आणि तिघं घरी, हे दोन दिवससुद्धा टिकणार नाही, ती रडून गाव गोळा करेल.

झेडपीचा_मास्तर (पारोळा)

मोठीला विचारा आधी.

पिंप्राळ्याची (जळगाव)

आणि तुमच्या बीएडचं कोणी विचारलं का घरात?

केळीवाली_ताई

बीएडच्या प्रवेश परीक्षेचा, सीईटीचा फॉर्म यंदा भरायचा राहिला. लागवड होती. पुढच्या वर्षी बघू.

पिंप्राळ्याची (जळगाव)

हेच मी म्हणत होते.