टेल टॅगच्या नव्या स्विचसाठी डीएसए ड्रायव्हर: पिंग चालते, टीसीपी जुळत नाही

प्रश्न:
आमच्या बोर्डावरील पाच पोर्टांच्या नव्या स्विच चिपसाठी मी लिनक्स कर्नलचा डीएसए (स्विचचे प्रत्येक पोर्ट स्वतंत्र नेटवर्क इंटरफेस म्हणून दाखवणारी व्यवस्था) ड्रायव्हर लिहीत आहे. एसपीआय या सिरियल बसवरून चिपचा आयडी नीट वाचला जातो, लॅन१ ते लॅन४ हे इंटरफेस दिसतात आणि लिंकही येते. ही चिप सीपीयू पोर्टवर फ्रेमच्या शेवटी एका बाइटचा टॅग (फ्रेम कोणत्या पोर्टाची ते सांगणारी खूण) वापरते. पिंग सुरळीत चालते. परंतु टीसीपीवर चालणारे एसएसएच जुळतच नाही. टीसीपीडम्प या पॅकेट पाहण्याच्या साधनात जोडणी मागणारे सिन पॅकेट बाहेर पडताना दिसते, उत्तर मात्र येत नाही. स्विचला जोडलेल्या सीपीयूच्या ईथ० इंटरफेसवर ट्रान्समिट चेकसम ऑफलोड (चुका ओळखण्याची बेरीज हार्डवेअरकडे सोपवणे) बंद करूनही फरक पडला नाही. दोष टॅगरमध्ये (टॅग जोडणाऱ्या व काढणाऱ्या कोडमध्ये) शोधावा की आरजीएमआयआयच्या (सीपीयू व स्विच यांमधील जोडणीच्या) डिलेमध्ये?

उत्तर १:
डिले चुकला असता तर पिंगही धड चालले नसते, त्यामुळे तिकडे वेळ घालवू नये. पिंगच्या आयसीएमपी पॅकेटचा चेकसम टॅग लागण्याआधीच काढलेला असतो. टीसीपीचा मात्र ऑफलोडसाठी पुढे ढकलला जातो, आणि फ्रेमच्या शेवटापर्यंत बेरीज करताना तुमचा टॅगचा बाइटही तीत धरला जातो. स्विच तो बाइट काढून फ्रेम पुढे पाठवतो आणि समोरचे यंत्र चुकीचा चेकसम पाहून ती टाकून देते. ईथ० वर ऑफलोड बंद करून उपयोग होत नाही, कारण फ्रेम तिथे पोहोचेपर्यंत टॅग लागलेला असतो आणि सॉफ्टवेअरही तीच बेरीज करते. खात्रीसाठी लॅन१ वर बंद करून पाहावे. कायमचा उपाय म्हणजे टॅगरच्या एक्समिट (फ्रेम पाठवणाऱ्या) फंक्शनमध्ये, टॅग जोडण्यापूर्वी, चेकसम अर्धवट असल्यास तो सॉफ्टवेअरमध्येच पूर्ण करणारे एसकेबी_चेकसम_हेल्प बोलावणे. मायक्रोचिपच्या केएसझेड स्विच चिपांच्या टॅगरमध्ये हेच केलेले आहे.

प्रश्नकर्ता:
लॅन१ वर बंद करताच एसएसएच जुळले, आभारी आहे. ब्रिज ऑफलोड (पोर्टांमधील फ्रेमची ने-आण चिपकडे सोपवणे) अजून लिहिलेले नाही. तेवढ्याशिवाय पॅच नेटडेव्ह या कर्नलच्या नेटवर्किंग मेलिंग लिस्टकडे पाठवता येतील का?

उत्तर २:
जरूर पाठवावेत, किंबहुना पहिली मालिका लहानच असावी: डिव्हाइस ट्री बाइंडिंग (हार्डवेअरचे वर्णन कसे लिहावे याचा दस्तऐवज), टॅगर आणि ड्रायव्हर असे वेगवेगळे पॅच करावेत. ड्रायव्हरमध्ये पोर्ट_ब्रिज_जॉइन हे फंक्शन नसेल तर ब्रिजिंग सॉफ्टवेअरमध्ये होते. वेग कमी, पण वर्तन बरोबर. पोर्टांचे विलगीकरण मात्र सेटअपमध्येच हवे. रीसेटनंतर चिप साध्या स्विचसारखी पोर्टापोर्टांत फ्रेम फिरवत असेल, तर ब्रॉडकास्टची एक प्रत चिप पाठवते आणि दुसरी कर्नलचा ब्रिज. म्हणून प्रत्येक पोर्टाला फक्त सीपीयू पोर्टाकडे वाट ठेवावी आणि स्वतंत्र पोर्टांवर पत्ते शिकणेही बंद करावे.